नववी-दहावीत अमेरिकेत आलात? हायस्कूलमध्येच कॉलेजचं क्रेडिट कसं मिळवायचं

महाराष्ट्रातून मुलं घेऊन अमेरिकेत आलेल्या घरांचा पहिला गोंधळ शब्दांचा असतो. आपल्याकडे दहावी झाली की मूल 'कॉलेजात' जातं. इथे नववी ते बारावी हे सगळं हायस्कूल, आणि कॉलेज म्हणजे थेट पदवी. त्यामुळे शेजारची अकरावीतली मुलगी 'कॉलेजचं इंग्लिश करतेय' असं ऐकलं की नवीन पालक बुचकळ्यात पडतात. ती खरोखरच पदवीच्या पहिल्या वर्षाचा विषय करत असते, आणि तो विषय पुढे तिच्या पदवीत धरला जाऊ शकतो. 'शकतो' हा शब्द मुद्दाम वापरला आहे. क्रेडिट मिळवणं एक, आणि ते पुढच्या कॉलेजने मान्य करणं दुसरं. बहुतेक घरांची मेहनत या दोहोंच्या मधल्या फटीत वाया जाते, म्हणून हा लेख.

१. 'क्रेडिट' हा शब्द दोन अर्थांनी येतो, ते आधी वेगळे करा

हायस्कूल क्रेडिट म्हणजे शाळेतून पदविका घेऊन बाहेर पडायला लागणारी मोजणी. वर्षभराचा विषय साधारण एक क्रेडिट, अर्ध्या वर्षाचा अर्धं. कॅलिफोर्नियात हाच वर्षाचा विषय बहुतेक शाळा १० क्रेडिट धरतात, म्हणून दुसऱ्या राज्यातल्या नातेवाइकांच्या आकड्यांशी तुलना करू नका.

कॉलेज क्रेडिट म्हणजे पदवीकडे जाणारी मोजणी. बॅचलर पदवीला सेमिस्टर पद्धतीत साधारण १२० क्रेडिट लागतात, क्वार्टर पद्धतीत (वर्षाला तीन मुख्य सत्रं) १८०. म्हणजे दीड क्वार्टर क्रेडिट बरोबर एक सेमिस्टर क्रेडिट. वॉशिंग्टन राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजचा (म्हणजे मुख्यतः पदवीची पहिली दोन वर्षं शिकवणाऱ्या स्थानिक सरकारी कॉलेजचा) ५ क्रेडिटचा विषय सेमिस्टरवाल्या विद्यापीठात नेला की ३.३३ होतो. तिथे त्या विषयाला ४ क्रेडिट लागत असतील तर उरलेली तूट कशी भरायची हा प्रश्न उभा राहतो. गणित आणि प्रयोगशाळेचे विषय नेताना हे आधी तपासा.

एकाच विषयातून दोन्ही प्रकारची क्रेडिट मिळतात तेव्हा त्याला ड्युअल क्रेडिट म्हणतात.

२. चार वाटा

एपी म्हणजे ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट. कॉलेज बोर्ड ही संस्था १९५५ पासून हा कार्यक्रम चालवते. वर्षभर शाळेत शिकायचं, मे महिन्यात एक परीक्षा द्यायची, १ ते ५ मध्ये गुणांक मिळतो. क्रेडिट परीक्षेच्या गुणांकावर मिळतं, शाळेतल्या ग्रेडवर नाही. वर्गात ए मिळाला आणि परीक्षेत २ आले तर कॉलेज क्रेडिट शून्य.

ड्युअल एनरोलमेंट म्हणजे हायस्कूलमध्ये असतानाच जवळच्या कॉलेजचा, बहुधा कम्युनिटी कॉलेजचा, खराखुरा विद्यार्थी होणं. इथे शेवटची एकच परीक्षा नसते. पूर्ण सत्राची ग्रेड मिळते आणि ती कायमची नोंद होते.

आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट हा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम, ज्या शाळेत असतो तिथेच करता येतो. हायर लेव्हल विषयात ७ पैकी ५ किंवा त्याहून जास्त आले तर बरीच कॉलेजं क्रेडिट देतात. स्टँडर्ड लेव्हलवर मात्र अनेक ठिकाणी काहीच मिळत नाही. मुलाने आयबी निवडताना कोणते तीन विषय हायर ठेवायचे, हे याच हिशोबाने ठरवा.

क्लेप याही कॉलेज बोर्डच्याच परीक्षा. वर्ग नाही, थेट परीक्षा. २० ते ८० गुणांत ५० आले की सर्वसाधारणपणे क्रेडिट मिळतं. मॉडर्न स्टेट्स ही संस्था मोफत अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्याला परीक्षेच्या शुल्काचं व्हाउचर देते. मात्र प्रवेशाला अवघड असलेली बरीच कॉलेजं क्लेप मानत नाहीत. राज्यातल्याच सरकारी कॉलेजात जाणार असाल आणि ते मानत असेल तरच ही वाट धरा.

पहिल्या दोन वाटांवरच बहुतेक मुलं चालतात, म्हणून पुढचा बहुतेक मजकूर त्यांच्याबद्दल आहे.

३. सुरुवात शेवटाकडून करा

कोणत्याही विषयात नाव घालण्याआधी मूल पुढे जाऊ शकेल अशा चार-पाच कॉलेजांची यादी काढा. एक-दोन राज्यातली सरकारी, एखादं बाहेरच्या राज्यातलं, एखादं खासगी. मग प्रत्येकाच्या संकेतस्थळावर एपी क्रेडिट पॉलिसी आणि ट्रान्सफर क्रेडिट ही पानं शोधा. क्रेडिट शाळा देत नाही, कॉलेज बोर्डही देत नाही. ज्या कॉलेजात प्रवेश घेणार, ते देतं. म्हणून नियम त्याचाच.

हे नियम किती वेगळे असतात ते पाहा. ओहायो आणि इलिनॉयमध्ये सरकारी कॉलेजांनी ३ गुणांकाला क्रेडिट द्यावं असा राज्याचा नियम आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठ, म्हणजे यूसी, ३ पासून युनिट (तिथे क्रेडिटला युनिट म्हणतात) देतं, पण ते युनिट नेमक्या कोणत्या विषयाच्या जागी धरायचे हे त्या-त्या कॅम्पसवर आणि विभागावर ठरतं. एमआयटी कॅल्क्युलस बीसीमध्ये ५ असतील तर पहिल्या सत्राच्या गणिताचं क्रेडिट देतं. कॅलटेक एपीवर क्रेडिटच देत नाही.

पान वाचताना तीन गोष्टी टिपून ठेवा.

किती गुणांक लागतो. एकाच कॉलेजात रसायनशास्त्राला ५ आणि मानसशास्त्राला ४ असं असू शकतं.

बदल्यात काय मिळतं. एखाद्या ठरावीक विषयाची सूट मिळते, की नुसतं इलेक्टिव्ह क्रेडिट? इलेक्टिव्ह म्हणजे १२० च्या बेरजेत भर पडते, पण पदवीचा एकही सक्तीचा विषय कमी होत नाही. इंजिनिअरिंगमध्ये मोकळ्या इलेक्टिव्हना जागाच थोडी असते, त्यामुळे ३० क्रेडिट घेऊन गेलेल्या मुलाचंही एक सत्र वाचेलच असं नाही. फसगत होते ती बहुतेक इथेच.

दुबार काय धरलं जात नाही. कॅल्क्युलस एबी आणि बीसी या दोन्ही परीक्षा दिल्या तरी क्रेडिट एकदाच. तसंच, एपीचं क्रेडिट मिळालेला विषय कॉलेजात पुन्हा घेतला तर बहुतेक ठिकाणी एपीचं क्रेडिट रद्द होतं.

या यादीवरून एपी की ड्युअल एनरोलमेंट याचं उत्तर बरंचसं मिळतं. राज्यातल्या सरकारी विद्यापीठात जायचं नक्की असेल तर ड्युअल एनरोलमेंट बहुधा जास्त खात्रीचं, कारण एका दिवसाच्या परीक्षेवर सगळं अवलंबून नसतं आणि राज्यांतर्गत विषय हलवण्याचे करार झालेले असतात. राज्याबाहेर किंवा खासगी कॉलेजचा विचार असेल तर एपी सोयीचं, कारण त्याचा अभ्यासक्रम देशभर एकच असतो आणि त्याचं मोल ठरवणं त्या कॉलेजला सोपं जातं.

४. काउन्सेलरची भेट जानेवारीच्या आत घ्या

पुढच्या शालेय वर्षाचे विषय बहुतेक शाळांत जानेवारी ते मार्च या काळात निवडले जातात, वर्ग ऑगस्ट किंवा सप्टेंबरमध्ये सुरू होतात. जूनमध्ये शाळाप्रवेशासारखी धावपळ करायची आपली सवय इथे उपयोगी पडत नाही. तेव्हा काउन्सेलर, म्हणजे विषय निवडायला मदत करणारे शाळेतले सल्लागार, सुट्टीवर असतात आणि एपीचे वर्ग भरलेले असतात.

नव्याने आलेल्या मुलासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे गणिताची पायरी. इथे अल्जिब्रा १, जॉमेट्री, अल्जिब्रा २, प्रीकॅल्क्युलस आणि मग कॅल्क्युलस अशी शिडी असते. शाळा अनेकदा कागदपत्रं नीट न पाहता मुलाला वयाप्रमाणे खालच्या पायरीवर बसवते, आणि तिथून बारावीपर्यंत कॅल्क्युलस गाठणं अवघड होतं. म्हणून आठवी-नववी-दहावीच्या गुणपत्रकांसोबत गणिताच्या पाठ्यपुस्तकांच्या अनुक्रमणिकेचं इंग्रजी भाषांतर घेऊन जा आणि प्लेसमेंट टेस्ट मागा. आपल्याकडे बीजगणित आणि भूमिती एकाच वर्षात शेजारीशेजारी शिकवतात हे काउन्सेलरला माहीत असेलच असं नाही. तसं स्पष्ट सांगा. शाळेने नकार दिला तर उन्हाळी सत्रात एक पायरी पूर्ण करू देतात का ते विचारा.

भेटीत विचारायचे प्रश्न: शाळेत कोणते एपी आहेत, त्यांना आधी कोणता विषय लागतो, ड्युअल एनरोलमेंट कोणत्या कॉलेजबरोबर आहे, पैसे कोण भरतं, आणि कॉलेजच्या विषयाला शाळेच्या जीपीएमध्ये (ग्रेडच्या सरासरीत) वेटेज आहे का. काही डिस्ट्रिक्ट (आपल्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) एपीला जादा वजन देतात आणि ड्युअलला देत नाहीत, काही दोघांना सारखंच देतात.

पहिल्या वर्षी किती विषय घ्यावेत? एक, फार तर दोन. भाषेचा भार कमी असलेला विषय आधी घ्यावा. अमेरिकन इतिहासाच्या एपीमध्ये दर आठवड्याला मोठं वाचन आणि कागदपत्रांवर आधारित निबंध असतो. नुकतंच आलेलं मूल हुशार असलं तरी पहिल्याच वर्षी त्यात थकतं.

५. एपी: नोंदणीपासून निकालापर्यंत

वर्गात बसलात म्हणजे परीक्षेची नोंदणी झाली, असं नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलाने कॉलेज बोर्डच्या माय एपी खात्यात शिक्षकांनी दिलेला जॉइन कोड टाकायचा आणि परीक्षा देणार असल्याचं नोंदवायचं. वर्षभराच्या विषयांसाठी परीक्षा मागवण्याची मुदत नोव्हेंबरच्या मध्याला संपते. शाळेची स्वतःची मुदत त्याआधी, कधी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच असते. उशीर झाला तर साधारण १०० डॉलरच्या शुल्कावर आणखी ४० डॉलर. मागवून दिली नाही तरी ४० डॉलर. घरचं उत्पन्न कमी असेल तर शुल्कात सवलत आहे, काउन्सेलरला विचारायला संकोचू नका.

शाळेत हवा तो एपी विषय नसेल तरी परीक्षा देता येते. मात्र बाहेरच्या विद्यार्थ्याला बसू देणारी शाळा स्वतः शोधावी लागते. आसपासच्या शाळांच्या एपी कोऑर्डिनेटरना सप्टेंबरातच फोन करा. नोव्हेंबरनंतर दारं बंद होतात.

खात्यात नाव पासपोर्टवर आहे तसंच घाला. मधलं नाव म्हणून वडिलांचं नाव शाळेत एका पद्धतीने, कॉलेज बोर्डकडे दुसऱ्या पद्धतीने आणि कॉलेजच्या अर्जात तिसऱ्या पद्धतीने, हा मराठी घरांत हमखास होणारा घोळ आहे. त्यामुळे निकाल जुळत नाहीत आणि गुणांक कॉलेजला पोचूनही मुलाच्या फायलीत लागत नाहीत.

२०२५ पासून बहुतेक परीक्षा ब्लूबुक या ॲपवर होतात. इंग्लिश, इतिहास यांसारखे विषय पूर्ण संगणकावर असतात. कॅल्क्युलस, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र यांत प्रश्न पडद्यावर दिसतात आणि मोठी उत्तरं कागदी वहीत लिहायची असतात. ॲप आधीच उतरवून परीक्षेची जुळणी पूर्ण करा, लॅपटॉप पूर्ण चार्ज करून न्या.

अभ्यासाबद्दल एकच गोष्ट, पण मोलाची. आपल्या बोर्डातून आलेली मुलं आकडेमोडीत पटाईत असतात आणि तरीही कॅल्क्युलसच्या मोठ्या प्रश्नांत गुण घालवतात. कारण तिथे 'का' विचारलेलं असतं. महत्तम मूल्य काढलं, पण ते महत्तम का हे वाक्यात लिहिलं नाही, तर त्याचा गुण जातो. कॅल्क्युलेटरने काढलेलं उत्तर दशांश चिन्हानंतर तीन स्थळांपर्यंत अचूक लागतं आणि कोणतं इंटिग्रल मांडलं तेही दाखवावं लागतं. कॉलेज बोर्ड मागच्या वर्षांचे मोठे प्रश्न आणि गुणदानाचे निकष मोफत ठेवतं. ते निकष शेजारी घेऊन मुलाने स्वतःचीच उत्तरं तपासावीत. मार्च-एप्रिलमध्ये आठवड्याला सहा प्रश्न पुरेत.

निकाल जुलैमध्ये लागतात. दरवर्षी एका कॉलेजला गुणांक मोफत पाठवता येतात, त्याची मुदत २० जून. नंतर प्रत्येक वेळी १५ डॉलर. बारावीच्या मुलाने मोफत संधी प्रवेश घेतलेल्या कॉलेजसाठीच वापरावी. प्रवेशाच्या अर्जात बहुतेक कॉलेजं स्वतः भरलेले गुणांक चालवून घेतात, त्यामुळे अकरावीत दहा ठिकाणी पैसे भरून पाठवण्याची गरज नसते.

६. ड्युअल एनरोलमेंट: राज्य बदललं की नाव आणि पैसे दोन्ही बदलतात

वॉशिंग्टनमध्ये याला रनिंग स्टार्ट म्हणतात. अकरावी-बारावीच्या मुलांची कॉलेजची ट्यूशन, म्हणजे शिक्षण शुल्क, माफ असते, पुस्तकं आणि जाण्यायेण्याचा खर्च घरचा. मिनेसोटात पीएसईओ (पोस्टसेकंडरी एनरोलमेंट ऑप्शन्स) आहे. १९८५ मध्ये राज्यभर अशी योजना सुरू करणारं ते पहिलं राज्य, आणि तिथे पुस्तकंही मिळतात. ओहायोत कॉलेज क्रेडिट प्लस आहे, सातवीपासून खुलं. टेक्ससमध्ये ड्युअल क्रेडिट हाच शब्द चालतो. कॅलिफोर्नियातली बहुतेक कम्युनिटी कॉलेजं हायस्कूलच्या मुलांना ११ युनिटपर्यंत नोंदणी शुल्क लावत नाहीत. न्यू जर्सीत कॉलेजागणिक दर वेगळा.

टप्पे साधारण असे.

पहिला, शाळेला इरादा कळवणं. ओहायोत त्यासाठी १ एप्रिल आणि मिनेसोटात ३० मे या तारखा महत्त्वाच्या ठरत आल्या आहेत. आपल्या राज्याची चालू वर्षाची तारीख काउन्सेलरकडून लेखी घ्या.

दुसरा, कॉलेजचा ऑनलाइन अर्ज. 'हायस्कूल विद्यार्थी' हा प्रकारच निवडा. चुकून नियमित विद्यार्थी म्हणून अर्ज गेला तर पूर्ण शुल्काचं बिल येतं. एच-४ वरच्या (म्हणजे एच-१बी वर नोकरी करणाऱ्याच्या कुटुंबाच्या व्हिसावरच्या) मुलांकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसतो. तो रकाना रिकामा सोडता येतो किंवा 'नाही' असा पर्याय असतो. खोटा किंवा आईवडिलांचा नंबर कधीही टाकू नका.

तिसरा, पात्रता. टेक्ससमध्ये टीएसआय मूल्यमापन, इतर अनेक ठिकाणी ॲक्युप्लेसर (दोन्ही वाचन, लेखन आणि गणिताची पातळी ठरवणाऱ्या चाचण्या), किंवा एसएटीचे गुण. ही परीक्षा मोफत वाटते म्हणून तयारी न करता देणारे बरेच, आणि मग हवा तो इंग्लिशचा वर्ग मिळत नाही. नमुना प्रश्न उपलब्ध असतात, आठवडाभर ते सोडवा.

चौथा, संमतिपत्र. पालक, काउन्सेलर आणि काही ठिकाणी मुख्याध्यापक यांच्या सह्या. कॅलिफोर्नियातल्या अनेक कॉलेजांत हा फॉर्म प्रत्येक सत्राला नव्याने लागतो. मागच्या सत्राचा चालेल असं समजून बसणाऱ्यांची नोंदणी अडते.

पाचवा, वर्ग निवडणं. हायस्कूलच्या मुलांची नोंदणी सगळ्यांत शेवटी उघडते, म्हणून पसंतीचे तीन पर्याय तयार ठेवा.

कोणता विषय घ्यावा? जो सगळीकडे चालतो तो. इंग्लिश रचना, कॅल्क्युलस, सांख्यिकी, सामान्य रसायनशास्त्र, मानसशास्त्राची ओळख, अमेरिकन शासनव्यवस्था. टेक्ससमध्ये विषयाच्या क्रमांकातच माहिती असते: १३०१ मध्ये पहिला १ म्हणजे प्रथम वर्षाची पातळी, ३ म्हणजे तीन क्रेडिट. तिथल्या सरकारी कॉलेजांमध्ये ४२ क्रेडिटचा कोअर एकमेकांकडे नेता येतो. कॅलिफोर्नियात असिस्ट आणि न्यू जर्सीत एनजे ट्रान्सफर या संकेतस्थळांवर कम्युनिटी कॉलेजचा विषय विद्यापीठात कशाच्या बरोबरीचा धरतात ते दिसतं. नोंदणीआधी ते पान उघडून छापून ठेवा. फक्त इंटरनेटवर चालणाऱ्या अनोळखी संस्थेत पैसे भरण्याआधी तिची मान्यता तपासा, आणि तुमच्या यादीतल्या सरकारी विद्यापीठाला तिचे विषय चालतात का ते ईमेलने विचारा.

७. कागदपत्रं

मुलाचा पासपोर्ट, व्हिसा आणि ताजा आय-९४. एच-१बी आणि एच-४ च्या मंजुरीची आय-७९७ नोटीस. घरभाड्याचा करार आणि वीज किंवा पाण्याचं बिल. भारतातल्या शाळेची मागच्या तीन वर्षांची गुणपत्रकं, इंग्रजीत नसतील तर भाषांतरासह. लसीकरणाची नोंद. टेक्ससमध्ये कॉलेजच्या आवारात शिकायला जाणाऱ्या २२ वर्षांखालच्या मुलाला मेनिंजायटिसची लस वर्ग सुरू होण्याच्या किमान १० दिवस आधी घेतलेली लागते. शाळेचं ताजं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळे विषय आणि ग्रेड यांची अधिकृत नोंद. मुलाचा स्वतःचा ईमेल पत्ता, आणि तो शाळेचा नको, कारण शाळेचा पत्ता बारावीनंतर बंद होतो आणि त्याबरोबर कॉलेज बोर्डचं खातंही हाताबाहेर जातं.

व्हिसाबद्दल. एच-४ वर शिकायला पूर्ण मुभा आहे. बी-२ वर पाहुणा म्हणून आलेल्या मुलाला अभ्यासक्रमात नाव घालता येत नाही. शुल्कासाठी राज्याचा रहिवासी कोण हे राज्याचा नियम ठरवतो, आणि 'नागरिक नाही' असं भरलं की अर्ज आपोआप परराज्याच्या दरात जाण्याचा संभव असतो. बिल पाहून घाबरू नका. कॉलेजच्या रेसिडेन्सी कार्यालयात आय-७९७, भाडेकरार, कराची कागदपत्रं आणि वाहन परवाना घेऊन जा आणि फेरविचाराचा अर्ज द्या. एच-४ वाल्या घरांना क्रेडिटचं मोल जास्त आहे, कारण त्या मुलांना केंद्र सरकारची शैक्षणिक मदत मिळत नाही आणि २१ व्या वर्षी एच-४ संपतं. पदवी एक सत्र लवकर झाली तर त्या घराचा खरोखरच भार हलका होतो.

८. वर्ग सुरू झाल्यावर

तीन क्रेडिटचा विषय म्हणजे आठवड्याला तीन तास वर्गात आणि साधारण सहा तास घरी. शाळेत वर्षभर चालणारा अभ्यास इथे १५-१६ आठवड्यांत संपतो. उन्हाळ्यात तोच सहा-आठ आठवड्यांत कोंबलेला असतो, म्हणून पहिला कॉलेज विषय उन्हाळ्यात घेऊ नये असं आमचं ठाम मत आहे.

पहिल्या आठवड्यात सिलॅबस छापून घ्या आणि त्यातल्या सगळ्या तारखा घरच्या कॅलेंडरवर चढवा. शाळेत शिक्षक आठवण करतात, उशिरा दिलेलं काम घेतात. प्राध्यापक तसं करतीलच असं नाही. पुस्तक घेताना आयएसबीएन जुळवा. जुनं पुस्तक स्वस्त मिळतं, पण त्यातला ॲक्सेस कोड वापरून झालेला असतो आणि गृहपाठ त्या कोडवाचून उघडतच नाही.

दोन तारखा लाल शाईने लिहा. ॲड-ड्रॉपची शेवटची तारीख: तोवर विषय सोडला तर नोंदच राहत नाही. विड्रॉलची शेवटची तारीख: तोवर सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर डब्ल्यू येतो, जीपीए बिघडत नाही. त्यानंतर जी काही ग्रेड मिळेल ती आयुष्यभराची. मेडिकलला जायचं असेल तर हे दुप्पट लक्षात ठेवा: एमडीच्या सामायिक अर्जात हायस्कूलमध्ये केलेल्या कॉलेज विषयांचंही ट्रान्सक्रिप्ट द्यावं लागतं आणि त्या ग्रेड जीपीएत धरल्या जातात. सोळाव्या वर्षीचा सी बावीसाव्या वर्षी समोर येतो. ओहायोत नापास झालेल्या मुलाच्या घराकडून डिस्ट्रिक्ट पैसे परतही मागू शकतं. पण विषय सोडण्याआधी काउन्सेलरशी बोला. तोच विषय हायस्कूल पूर्ण करायला लागणार असेल तर तिकडे भगदाड पडतं.

पालकांनी प्राध्यापकांना ईमेल करू नये. केलात तरी बहुधा उत्तर मिळणार नाही. फर्पा या विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेच्या कायद्यानुसार कॉलेजातल्या नोंदींचा अधिकार विद्यार्थ्याचा असतो, मूल १८ च्या आत असलं तरी. शाळेकडे आलेल्या ग्रेड मात्र तुम्हाला पाहता येतात. मुलाला ईमेल लिहायला शिकवा: विषयाचा क्रमांक, नेमकी अडचण, आपण काय करून पाहिलं, आणि भेटीची वेळ मागणं. ऑफिस अवर्सला (प्राध्यापकांनी भेटीसाठी ठेवलेल्या वेळेत) जाणं म्हणजे कच्चेपणा कबूल करणं, असा आपल्या मुलांचा समज असतो. तो पहिल्याच आठवड्यात काढून टाका.

मुलाला शाळेत आयईपी (विशेष गरजांच्या मुलासाठीची वैयक्तिक शिक्षण योजना) असेल तर त्यातल्या सवलती कॉलेजच्या वर्गात आपोआप लागू होत नाहीत. कॉलेजच्या अपंगत्व सेवा कार्यालयात वेगळी नोंद करावी लागते, आणि तीही मुलानेच.

९. क्रेडिट पुढे नेणं

बारावी संपली की कॉलेज विषयांचं अधिकृत ट्रान्सक्रिप्ट त्या कम्युनिटी कॉलेजकडून नव्या कॉलेजला पाठवायला सांगा. हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर विषय दिसतो म्हणून पुरेसं नसतं. शेवटच्या सत्राची ग्रेड चढल्यानंतरच पाठवा, नाहीतर 'चालू' असं लिहिलेलं जातं. सी किंवा त्याहून वरची ग्रेड असेल तर बहुतेक ठिकाणी क्रेडिट येतं, ग्रेड मात्र नव्या जीपीएत सहसा धरत नाहीत.

मग नव्या कॉलेजच्या खात्यात विषय कसा उतरला ते पाहा. 'जनरल इलेक्टिव्ह' असं आलं आणि तुम्हाला विशिष्ट विषयाची सूट हवी असेल तर त्या विभागाकडे सिलॅबस देऊन फेरविचार मागता येतो. म्हणून प्रत्येक विषयाचा सिलॅबस, पाठ्यपुस्तकाचं नाव आणि दोन-तीन तपासलेले निबंध पीडीएफ करून जपा. वर्ग संपला की कॉलेजची प्रणाली ते पान बंद करते, त्याआधीच उतरवून घ्या. हे सगळं पहिल्या सत्राचे विषय निवडण्याच्या ओरिएंटेशनआधी व्हायला हवं. नाहीतर मूल तोच विषय पुन्हा घेऊन बसतं.

१०. आणि आपली मराठी

बहुतेक घरांना हे माहीतच नसतं. अमेरिकेतल्या राज्यांमध्ये सील ऑफ बायलिटरसी नावाची मान्यता आहे: इंग्रजी आणि आणखी एक भाषा येते याची पदविकेवर नोंद. अव्हांत या संस्थेच्या भाषाचाचण्यांमध्ये मराठी आहे. वॉशिंग्टनमध्ये अशा चाचणीवरून परकीय भाषेचं हायस्कूल क्रेडिट मिळतं. त्यामुळे स्पॅनिशच्या तासाची जागा मोकळी होऊन तिथे एखादा कॉलेज विषय बसवता येतो. मिनेसोटात तर ही मान्यता मिळवलेल्या मुलाला मिनेसोटा स्टेट या समूहातल्या कॉलेजांमध्ये भाषेचं कॉलेज क्रेडिट मागता येतं, हायस्कूल संपल्यापासून तीन वर्षांच्या आत.

अडतं ते लेखनावर. घरी अस्खलित मराठी बोलणारी मुलं देवनागरीत चार वाक्यं लिहिताना थांबतात. बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या मराठी शाळा गावोगावी आहेत. नववीत तिथे नाव घालून आठवड्याला एक पानभर लिहिण्याची आणि कळफलकावर देवनागरी टाइप करण्याची सवय लावली तर अकरावीत चाचणी देता येते. काउन्सेलरला 'आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये मराठीची चाचणी कशी मागवायची?' असं नेमकं विचारा. शाळेत आधी कुणी मागितली नसेल तर मागवायला वेळ लागतो, म्हणून हा प्रश्न जानेवारीच्या त्याच भेटीत घाला.